सातोळीचे वाफघर

सकाळचा प्रकाश सातोळीत एकदम येत नाही. आधी तो टाकीच्या माळावर थांबतो. तिथल्या वाळलेल्या कुसळी गवताच्या टोकांना तो एकेक करून हात लावतो आणि मग, आजारातून नुकत्याच उठलेल्या माणसाने जिना उतरावा तसा, आधार घेत घेत गावात येतो. पहिला आधार सायझिंगच्या धुराड्यांचा. काळवंडलेल्या त्या धुराड्यांची टोके काही वेळ पितळी दिसतात. खाली गाव अजून निळसर अंधारात असते. त्यानंतर मागांच्या शेडांचे पत्रे. पत्र्यांच्या पन्हळींत उजेड पाण्यासारखा साचतो आणि एका पन्हळीतून दुसरीत सांडत सांडत गल्लीपर्यंत पोहोचतो. गल्लीत कोणी सडा घातलेला असतो. त्या ओल्या मातीवर ऊन पडले की काही क्षण मातीलाच घाम आल्यासारखा वाटतो. मग शेडच्या उंच खिडकीतून उन्हाची एक तिरपी पट्टी आत शिरते आणि तिच्यात कापसाचा तूस तरंगताना दिसतो. तो खाली पडत नाही, वर जात नाही, नुसता असतो. लहानपणी मला वाटे, की प्रकाश म्हणजे हे तंतूच आहेत आणि तेच विणून दिवस तयार होतो.

त्या प्रकाशात धुराचा रंग मिसळलेला असे. आमची सकाळ तांबूस होती, जुन्या भांड्यासारखी, आणि सगळ्या जगाची तशीच असते अशी माझी समजूत होती. शिकायला परगावी गेलो तेव्हा तिथली पांढरी सकाळ मला कित्येक महिने अपुरी वाटत राहिली.

नोकरीला लागल्यावर हे सारे मी नगरपरिषदेच्या वरच्या मजल्यावरून, पाणीपुरवठा विभागाच्या खिडकीतून पाहू लागलो. सगळ्यांच्या आधी कामावर येण्यामागे उत्साहाचा भाग फारसा नव्हता. रिकाम्या कचेरीत कोणाशी बोलावे लागत नाही, एवढेच.

ज्या काळातली ही हकीकत आहे, त्या काळात प्रत्येक नगरपरिषदेला जमाखर्चाच्या अंदाजपत्रकाबरोबर धुराचेही अंदाजपत्रक मांडावे लागत असे. गावाने वर्षभरात किती कर्बवायू हवेत सोडावा याची मर्यादा ठरलेली होती. ती पाळली जाते की नाही हे पाहायला निरीक्षक येत नसे; एक उपग्रह दुपारी डोक्यावरून जाई आणि गावाचा श्वास टिपून नेई. कर्बवायू उन्हातले काही ठरावीक किरण गिळतो. जमिनीवरून परतणाऱ्या प्रकाशातून ते किरण किती गळाले हे मोजले, की खाली किती जळते आहे हे कळते. उपग्रहाला कोणी ओळखीचे नसते आणि त्याला चहा पाजता येत नाही. सातोळीचा आकडा सतत मर्यादेबाहेर होता. येत्या दिवाळीपर्यंत तो खाली आला नाही, तर गावातली सगळी सायझिंग सील होणार होती.

सायझिंग म्हणजे काय, हे परगावच्या माणसाला सांगावे लागते. मागावर चढण्याआधी सुताला खळ द्यावी लागते. बिनखळीचे सूत धोट्याच्या पहिल्या फेऱ्यांतच तुटते. हजारो तारा एकाच वेळी खळीच्या कढईतून जातात आणि वाफेने तापलेल्या मोठ्या पिंपांवरून फिरून वाळतात. मग त्या एका लांब रुळावर गुंडाळल्या जातात. या रुळाला आम्ही बीम म्हणतो. एकदा बीम सुरू केला की थांबता येत नाही. मध्येच वाफ कमी पडली तर ओली खळ तारांना एकमेकींशी चिकटवते आणि सगळा ताणा पापडासारखा होतो. म्हणून प्रत्येक सायझिंगला स्वतःचा बॉयलर, आणि बॉयलरच्या तोंडात लाकूड, कोळसा, उसाचा चोथा, आणि कोणी पाहत नसेल तेव्हा चिंध्या. सायझिंग बंद म्हणजे माग बंद, आणि माग बंद म्हणजे सातोळी बंद.

त्या सायझिंगांपैकी एक माझ्या दादाचे. रामलिंगदादा माझ्याहून बराच मोठा. वडील गेले तेव्हा मी प्राथमिक शाळेत होतो आणि तो मिसरूड फुटायच्या आत मागावर उभा राहिला होता. पुढे त्याने मागांच्या कमाईतून सायझिंग काढले, आणि सायझिंगवाल्यांनी त्याला आपल्या संघटनेचा अध्यक्ष केला. मी शिकलो तो त्याच्या धुरावर.

वाफघराची कल्पना नगराध्यक्षा रेहाना मोमीन यांची. गाव त्यांना रेहानाआपा म्हणते. निवडून येण्याआधी त्यांनी अर्धे आयुष्य मागावर काढले होते. एकदा पाणीपुरवठ्याच्या बैठकीत त्यांनी मला विचारले, की आपण नळाने पाणी देतो, तशी वाफ का देऊ नये. सभागृहातले लोक हसले. मला हसू आले नाही, कारण त्याचे उत्तर मला माहीत होते आणि ते मोठ्याने सांगण्याचे धैर्य माझ्यात नव्हते. मी कागदावर लिहून त्यांच्याकडे सरकवले: देता येईल.

माळावर आम्ही एक बुटका, रुंद मनोरा उभारला आणि तो जवळच्या खाणीतल्या काळ्या खडीने भरला. दुपारी गावाच्या छपरांवर इतकी सौर वीज तयार होते, की ती घ्यायला कोणी नसते. ती वीज आम्ही खडीत पुरलेल्या कॉइलमध्ये सोडली. खडी तापत जाते, लोखंड लालसर दिसू लागेल इतकी. हा दगड मुळात लाव्ह्याचाच. उष्णता त्याला नवी नाही. हवी तेव्हा त्या खडीतून हवा फिरवायची आणि ती तापलेली हवा पाण्याच्या नळ्यांवरून न्यायची, की वाफ तयार. जळत काहीच नाही.

अवघड होते ते उष्णता कोंडून ठेवणे. पावसाळी ढग आठ-आठ दिवस हलत नाहीत, आणि तेवढे दिवस मनोऱ्याने तग धरला पाहिजे. त्याचे उत्तर एका प्रयोगशाळेने नुकतेच शोधले होते. उसाच्या चोथ्याच्या राखेत वाळूचा अंश असतो. तो वेगळा काढून त्याचा फेस करायचा आणि फेस तसाच गोठवायचा. त्याची वीट हातात घेतली तर ढगाचा तुकडा घेतल्यासारखे वाटते. ती जवळजवळ सगळी हवाच असते, पण ती हवा इतक्या बारीक कप्प्यांत अडकलेली असते की उष्णता एका कप्प्यातून दुसऱ्यात जाता जाता थकून जाते. या विटांचे जाड अस्तर आम्ही मनोऱ्याला आणि गावभर पुरलेल्या वाफेच्या नळ्यांना दिले. मनोऱ्याच्या भिंतीला मी गाल लावून पाहिला आहे. आत भट्टी, आणि भिंत माठासारखी गार.

वाफ आली. आकडा मात्र हलला नाही.

बॉयलर कधी थंड होऊ द्यायचा नाही, ही सातोळीची रीत. थंड बॉयलर पुन्हा तापायला अर्धा दिवस जातो, म्हणून रात्रीसुद्धा राखेखाली निखारा जिवंत ठेवतात. सायझिंगवाल्यांनी आमची वाफ घेतली, आणि शेजारी स्वतःचा जाळही चालू ठेवला. नगरपरिषदेचा भरवसा कोण धरणार? चार दिवसांआड पाणी सोडणारे लोक रोज वाफ सोडतील, हे कोणाला पटले नाही. दादाच्या शेजारचे सायझिंगवाले बाळगोंडा चौगुले मला भर चौकात म्हणाले, "तुमची वाफ म्हंजे जावई हाय बघा. कवा येईल सांगता येत न्हाई, आन् आला की मान ठिवायचा."

एकट्या दादाने पहिल्या दिवशी स्वतःचा जाळ पूर्ण बंद केला होता. भावाची वाफ म्हणून त्याने ती निर्धास्त घेतली. त्याच सकाळी बाकी सगळ्यांनी गंमत म्हणून एकाच वेळी व्हॉल्व्ह उघडले, नळ्यांतले प्रेशर बसले, आणि दादाचा बीम अर्ध्यावर चिकटला.

मी धावत गेलो तेव्हा शेडमध्ये पंख्यांचा आणि यंत्राचा आवाज चालू होता. दादा पाठमोरा उभा राहून चिकटलेल्या तारा एकमेकींपासून सोडवत होता, ज्या सुटणार नव्हत्या. मी त्याच्या मागे उभा राहिलो आणि चुकले म्हणालो. पुन्हा म्हणालो. त्याने वळून पाहिले नाही. थोड्या वेळाने मी निघून आलो. संध्याकाळी दादाच्या धुराड्यातून गावातला सर्वांत काळा धूर निघत होता. त्या आठवड्यात मी कचेरीजवळ एक खोली घेतली आणि घरी जेवायला जाणे बंद केले.

दोष कुठे होता हे मला लवकरच कळले. मनोऱ्यात उष्णता भरपूर होती. अडचण एकाच वेळी पडणाऱ्या ओढीची होती. पाण्याला जशी गल्लीवार पाळी असते, तशी वाफेला लावली, म्हणजे प्रत्येकाने आपला बीम आपल्याच पाळीला सुरू केला, तर प्रेशर कधीच बसणार नव्हते. पण त्यासाठी सगळ्यांनी एकाच दिवशी जाळ विझवायला हवा होता. एकानेही निखारा राखला, तर तो मनाला येईल तेव्हा बीम लावणार, आणि पाळी मोडणार. उपाय साधा होता. तो लोकांना सांगायचा कसा, हे मला येत नव्हते.

भाद्रपदाच्या शेवटी नगरपरिषदेच्या सभागृहात सायझिंगवाल्यांची बैठक झाली. मी आलेख काढून नेले होते. माइकसमोर उभा राहिल्यावर माझा आवाज नेहमीसारखा आत आत गेला. दादा पहिल्या रांगेत बसला होता. तो काही वेळ माझ्या तोंडाकडे टक लावून पाहत होता, मग त्याने पडद्यावरच्या रेषांकडे पाहिले. माझे बोलणे चालू असतानाच तो उठला आणि बाहेर गेला. अध्यक्ष उठल्यावर बाकीचे कशाला बसतात? खुर्च्या सरकल्या. जाता जाता बाळगोंडा शेजाऱ्याला म्हणाले ते मला स्पष्ट ऐकू आले: "पोरगं शिकल्यालं हाय खरं, पण बोलतंय का देव पुजतंय, कळंना झालंय."

सभागृह रिकामे झाल्यावर रेहानाआपा शेवटच्या रांगेतून पुढे आल्या.

"कुणाशी बोलत होतास?" त्यांनी विचारले.

मी माइक बंद केला.

"अरे, या गावात पन्नाशी ओलांडलेलं निम्मं माणूस मागानं बहिरं केलंय. जन्मभर शंभर मागांच्या मधे उभे राहिलेले कान आहेत ते. त्यांच्यापुढं तू नव्या नवरीसारखं पुटपुटतोस, आणि वर म्हणतोस, त्यांना पटत नाही."

मी मान्य केले. ही गोष्ट मला सुचायला हवी होती, असेही म्हणालो. पण दादाचे तसे नाही, हे मी त्यांना सांगितले. दादाला ऐकू येते. त्याला माझे ऐकायचे नाही. आपांनी माझ्याकडे क्षणभर पाहिले, "बरं" म्हणाल्या आणि पिशवी उचलून निघाल्या.

दुसऱ्या दिवशी शैलावहिनी डबा घेऊन कचेरीत आल्या. त्या अशा कधी येत नसत. माझ्या टेबलासमोर अवघडून बसल्या आणि मी जेवेपर्यंत इकडचे तिकडचे बोलत राहिल्या. बोलता बोलता म्हणाल्या, "भावजी, तुम्ही यांच्यावर रुसू नका. यांना हल्ली ऐकू कमी येतंय. दाराची कडी वाजलेली कळत नाही. मी समोर जाऊन बोलले तर ओठांवरनं समजून घेतात, आणि कुणाला सांगू देत नाहीत."

मी वहिनींना म्हणालो, की शेडमधून आल्यावर कोणाच्याही कानात काही वेळ गुणगुण राहते. दादा थकला असेल. त्यांनी वाद घातला नाही.

खरे सांगायचे तर मला दादाचा राग हवा होता. राग संपू शकतो. वाफघर यशस्वी झाले की तो संपेल, असा माझा हिशेब होता आणि त्या हिशेबावर मी दिवस काढत होतो. दुसऱ्या शक्यतेचा कोणताही शेवट होत नव्हता. तिची सुरुवात मात्र मला माहीत होती: मी शाळेत पाढे म्हणत होतो आणि तो मागांच्या मध्ये उभा होता.

डबा भरताना वहिनी सहज म्हणाल्या, की खंडेनवमी जवळ आली, त्या एका दिवशी तेवढे घरात काजळी येत नाही. मी हात धुता धुता थांबलो. सातोळीत वर्षातून एकदाच सगळे बॉयलर थंड होतात. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, जाळ विझवून बॉयलर आतून घासतात, त्याला झेंडूची माळ घालतात, हळदकुंकू लावतात आणि दिवसभर हात लावत नाहीत. जो निखारा आम्ही कायद्याने विझवू शकलो नव्हतो, तो गाव आपल्या हाताने विझवत होते. फक्त दसऱ्याला तो पुन्हा पेटवायचा नव्हता.

हे सांगायला मी जिना धावत चढलो. रेहानाआपांनी ऐकून घेतले, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि विचारले, "चालशील माझ्याबरोबर? बोलायचं मी. तू नुसतं दिसायचं."

त्यानंतरचे काही दिवस आम्ही शेडशेड फिरलो. चालू मागांच्या आवाजात शब्द टिकत नाही. म्हणून विणकर पिढ्यान्‌पिढ्या हातांनी आणि ओठांनी बोलत आले आहेत. मला लहानपणी ही बोली समजत असे, शिकण्याच्या नादात ती सुटली होती. आपांना ती आईच्या दुधाबरोबर मिळाल्यासारखी येत होती. मूठ ओठांजवळ नेऊन बोटे उघडली, की वाफ. उपडा तळवा खाली दाबला, की जाळ विझवायचा. एकेक बोट अंगठ्याला टेकवत जायचे, म्हणजे पाळी: आधी हा, मग तो, मग तो. सभागृहात तासभर बोलून मी जे पोहोचवू शकलो नव्हतो, ते त्या दोन मागांच्या मध्ये उभ्या राहून पान खायला लागेल तेवढ्या वेळात सांगत. माणसे मान हलवत, उलट हातवारे करत. त्यांत थट्टाही असे. एकाने माझ्याकडे बोट दाखवून दोन्ही हातांनी पाळण्याची खूण केली आणि सगळी शेड हसली. हा कालचा पोर, असा त्याचा अर्थ होता. मीही हसलो. या गावात इतकी बोलकी माणसे आहेत, हे मला ठाऊकच नव्हते.

दादाकडे आम्ही शेवटी गेलो. त्याच्या शेडमध्ये बीम चालू होता. आपांनी सगळे सांगितले. दादाने लक्ष देऊन पाहिले आणि दोन बोटे जोडून झटक्याने वेगळी केली. वाफ मध्येच तुटली तर? आपांनी आपला तळवा स्वतःच्या डोक्यावर ठेवला. जबाबदारी माझ्या डोक्यावर. दादाने मान हलवली, हे पुरेसे नाही अशा अर्थाने, आणि माझ्याकडे पाहिले.

मला काही तरी म्हणायचे होते. मग नकळत माझाही हात वर गेला आणि मी तळवा माझ्या डोक्यावर ठेवला.

दादाने माझ्या हाताकडे पाहिले. नंतर त्याने एक बोट वर केले आणि ते आपल्या छातीला लावले. पहिली पाळी माझी.

त्या एका बोटाचे वजन शेडमधल्या प्रत्येकाला कळत होते. पुन्हा वाफ बसली, तर पुन्हा त्याचाच बीम जाणार होता, या वेळी सगळ्या गावासमोर; आणि त्याच्या शब्दावर जाळ विझवणारी माणसे त्याला कधी क्षमा करणार नव्हती. मनोराही तिथेच संपणार होता. दिवाळीनंतर सील लागायला मग कोणाची हरकत राहिली नसती.

खंडेनवमीला सातोळीतली धुराडी थांबली. बॉयलरांना माळा पडल्या. आणि त्याच दुपारी परतीच्या पावसाचे ढग माळावर येऊन बसले. सौर वीज थेंबाथेंबाने येऊ लागली. मनोऱ्यात आधीच्या उन्हाचा साठा होता, माझ्या गणिताने तो पुरेसा होता, आणि आपल्या गणितावर आपण किती कमी विश्वास ठेवतो हे मला त्या दिवशी समजले.

दसऱ्याला सकाळी दादाच्या सायझिंगच्या अंगणात गाव जमले. थंड बॉयलरच्या गळ्यात कालची माळ तशीच होती. बॉयलरमध्ये हवा फुंकणारा पंखा बंद, त्यामुळे शेड ओळखू न येण्याइतकी शांत वाटत होती. दादाने व्हॉल्व्हला नमस्कार केला आणि तो उघडला. नळीतून आधी एक खोकल्यासारखा आवाज आला, मग सणसणीत, सरळ वाफ. पिंपे तापली. खळीच्या कढईतून तारा निघाल्या आणि बीम फिरू लागला.

मी प्रेशरच्या काट्याखाली उभा होतो. काटा आपल्या जागी स्थिर होता. पहिला बीम अर्ध्यावर आला तेव्हा पुढच्या गल्लीत बाळगोंडांची पाळी सुरू झाली. काटा थरथरला. किंचित खाली आला. कोणी तरी माझे मनगट धरले. ते कोण होते हे मला आजही माहीत नाही. आपा ओठ मिटून काट्याकडे पाहत होत्या. काटा आणखी थोडा उतरला, थांबला, आणि मग मनोऱ्याच्या व्हॉल्व्हने ओढ ओळखून स्वतःला उघडले असावे, कारण तो सावकाश पूर्वीच्या जागी आला आणि तिथेच राहिला.

बीम पूर्ण झाला. दादाने ताण्यावरून तळवा फिरवला, मग बोटे पसरून तारांत घातली. तारा सुट्या होत्या, कोरड्या होत्या, विंचरलेल्या केसांसारख्या त्याच्या बोटांतून निसटत होत्या. त्याने मागे वळून सर्वांना दोन्ही तळवे दाखवले. अंगणात एक हुंकार उठला, आणि माणसे आपापल्या सायझिंगकडे पळाली, कारण पाळ्या लागलेल्या होत्या आणि आता कोणालाही आपली पाळी चुकवायची नव्हती.

दिवसभर वाफ एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत गेली. कोणाचा बीम चिकटला नाही. कोणी काडी ओढली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, आणि ढग हटेपर्यंत नाही. मागांचा आवाज नेहमीसारखा होता. वर आकाशात मात्र सातोळीची खूण सांगणारे काही उरले नव्हते. दांडीवरचे धुणे पांढरे वाळत होते. बायका एकमेकींना बोलावून ते दाखवत होत्या.

आभाळ निवळल्यावर उपग्रह गेला. त्याचे चित्र आले तेव्हा मी दादाच्या अंगणातच होतो, कारण सारे गाव तिथे आले होते. आधीच्या चित्रांत सातोळी म्हणजे एक लाल गळू असे. या चित्रात आम्हाला गाव सापडेना. बाळगोंडांनी चष्मा लावून पाहिले आणि म्हणाले, "आपलं गाव कुठं गेलं?" मी बोट ठेवून दाखवले: नदीचे वळण, माळ, आणि मध्ये भोवतीच्या शेतांच्याच रंगाची एक जागा. आकडा मर्यादेच्या पुष्कळ खाली होता. सील लागणार नव्हते. बाळगोंडांनी माझ्या पाठीवर थाप मारली ती मला दोन दिवस जाणवत राहिली. "जावई नांदाय लागला की रं," ते म्हणाले. शेजारच्या दोन नगरपरिषदांकडून आपांना त्याच दुपारी फोन आले. वाफघर पाहायला कधी येऊ, असे ते विचारत होते. आपा प्रत्येकाला एकच सांगत होत्या, की या, पण जाळ विझवायचा दिवस ठरवूनच या.

दादा गर्दीतून माझ्यासमोर आला. त्याने माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. त्याच्या तळव्यांना खळीचा वास येत होता. "धाकल्या," तो म्हणाला, "घरला चल आता. तुजी वहिनी रोज ताट वाढून ठेवती." मला मिठीत घेऊन तो लहान मुलाला झुलवावे तसा हलत राहिला. त्याच्यात राग नव्हता. शोधूनही मला तो सापडला नाही.

मग याच आनंदात मिरवणूक निघाली आणि लोक चौकाकडे गेले. त्या दिवशीची पाळी संपली होती. शेडमधली यंत्रे थांबलेली होती आणि बॉयलरचा पंखा कायमचा बंद होता. वहिनी पायरीवर उभ्या होत्या. दादा माझ्याकडे पाठ करून, कमरेवर हात ठेवून, स्वस्थ उभा होता. इतकी शांतता त्या अंगणात मी जन्मात अनुभवली नव्हती; कोपऱ्यातल्या नळाचे पाणी दगडावर पडताना ऐकू येत होते.

मी दोन पावलांवर होतो. "दादा," मी म्हणालो.

पुन्हा, मोठ्याने, माझ्या आयुष्यात मी कधी कोणाला मारली नसेल अशी हाक मारली.

दादाला ऐकू येत नव्हते.